घाटाच्या पायऱ्या उतरण्याआधी: तोल सावरण्याचा घरचा सराव

पहाटेच्या अंधुक उजेडात नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या उतरणारी वयस्कर मंडळी पाहिली, तर बहुतेकांची नजर पायांवर खिळलेली दिसते. गुडघे दुखत असतील असे आपण समजतो, पण अनेकदा त्यांचा मेंदू तोलासाठी जवळजवळ डोळ्यांवरच विसंबू लागलेला असतो. ही सवय बऱ्याच अंशी बदलता येते.

तोलाची खबर मेंदूला तीन वाटांनी मिळते. भोवतालचे दृश्य डोळे दाखवतात. प्रत्येक अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे वळले ते सांगतात आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या डोक्याचा कल ओळखतात. तर स्नायू, सांधे आणि तळपाय शरीराचा कोणता भाग कोठे आहे ते कळवतात. या शेवटच्या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. ज्या वाटेची खबर त्या क्षणी अधिक भरवशाची, तिला मेंदू अधिक वजन देतो. लहान मेंदू तर पाऊल टेकण्याआधीच काय जाणवेल याचा अंदाज बांधतो आणि आलेली खबर त्याच्याशी ताडून पाहतो. अंधारात आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकला आणि ती नसली, तर बसणारा हिसका हा त्या चुकलेल्या अंदाजाचाच असतो.

म्हणून सरावात एकेक वाट थोडा वेळ बंद करून उरलेल्या वाटांना कामाला लावायचे असते. स्वयंपाकघराच्या ओट्याकडे तोंड करून, मागे खुर्ची ठेवून आणि घरातील कोणाला तरी जवळ उभे करून अनवाणी उभे राहावे. पावले जुळवून अर्धा मिनिट स्थिर राहता आले, की बोटे ओट्याला टेकवलेली ठेवून दहा सेकंद डोळे मिटावेत. शरीर किंचित झुलेल आणि घोट्यांतील स्नायू आपोआप सावरून घेतील. ते झुलणे थोपवण्यासाठी अंग ताठ करू नये, कारण त्या बारीक चुका दुरुस्त करतानाच मेंदू शिकत असतो. हे सहज जमू लागल्यावर, डोळे उघडे ठेवून, घडी केलेल्या गोधडीवर उभे राहावे, म्हणजे तळपायांची खबर पुसट होते. गोधडी आणि मिटलेले डोळे हे दोन्ही एकत्र करण्याची घाई मात्र मुळीच करू नये. पुढे हात लांब करून अंगठ्यावर नजर रोखावी आणि डोके हळूहळू डावीउजवीकडे फिरवावे. डोके हलत असताना नजर स्थिर राखण्याचे काम अंतर्कर्णाचे आहे.

रोज दहा मिनिटे पुरेत. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेले असतील किंवा पूर्वी कधी पडणे झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. अचानक भोवळ येऊन बोलणे अडखळले किंवा एक बाजू लुळी वाटली, तर सराव बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

काही आठवड्यांनी गोदापार्कच्या सपाट वाटेवर समोर पाहत चालून पाहावे. घाटाच्या पायऱ्या त्यानंतर, उजाडल्यावर आणि कोणाचा तरी हात धरून.