रूथची गोष्ट घरात सांगताना

मुलांसह रोज पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे असेल, तर आरंभ रूथच्या पुस्तकाने करावा. त्याचे अध्याय चारच आहेत आणि रोज एक घेतला तरी गोष्टीचा धागा तुटत नाही. अध्याय आधी मोठ्याने वाचावा, मग पुस्तक मिटून तो आपल्या बोलीत सांगावा, मात्र पदरचे प्रसंग घालू नयेत. रूथची सासू नामी ‘मला मारा म्हणा’ म्हणते, तिथे मारा म्हणजे कडू एवढे सांगून मुलांना विचार करू द्यावा. उत्तराची घाई नको. दुसऱ्या अध्यायात मात्र रेंगाळावे: कापणी करणाऱ्यांच्या मागे वाकून सातूचा सरवा, म्हणजे शेतात मागे पडलेली कणसे, वेचणारी परदेशी रूथ, आणि तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसे टाकायला सांगणारा शेताचा मालक बवाज. सरवा वेचलेली आजी घरात असेल, तर इथे तिलाच बोलू द्यावे.