लिबर्टेरियन कादंबरीतील मर्यादित शासनावर वाद कसा घालावा

लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याला सर्वांत वर ठेवून शासनाचा हस्तक्षेप कमीत कमी हवा असे मानणाऱ्या विचाराच्या कादंबरीवर बोलताना शासन हवे की नको, या प्रश्नापासून चर्चा सुरू केली की दोन्ही बाजू आपापली ठरलेली मते मांडून मोकळ्या होतात आणि कादंबरी बाजूलाच राहते. त्यामुळे आधी कथेतला एखादा तंटा निवडावा आणि तो कोण मिटवतो, निकाल न जुमानणाऱ्याचे काय होते व या साऱ्याचा खर्च कोण उचलतो, हे तपासावे.

आयन रँड यांच्या ‘ॲटलास श्रग्ड’मध्ये (१९५७) उद्योजकांच्या गुप्त दरीत कायदे नाहीत, लवाद म्हणून एक न्यायाधीश आहे, पण त्याच्याकडे जाण्याची वेळ कोणावर आलेली नाही. शासन अनावश्यक असल्याचा हा पुरावा म्हणून कोणी पुढे केला, तर तिथले रहिवासी पारखून घेतलेले आहेत, याची आठवण करून द्यावी. शिवाय तोच न्यायाधीश शेवटी राज्यघटना दुरुस्त करायला बसतो, आणि पोलीस, सैन्य व न्यायालये ही शासनाची कामे रँड यांनी आपल्या निबंधांत मान्यच केली होती.

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’मध्ये (१९६६) वादाला अधिक खाद्य आहे. चंद्रावरच्या वसाहतीत एका पाहुण्यावर खटला चालवायचा असतो, तेव्हा हाताशी असलेल्या माणसालाच न्यायाधीश केले जाते आणि तो दोन्ही बाजूंकडून शुल्क घेतो. हे चालते खरे, पण एक पक्ष दुबळा किंवा कफल्लक असता तर काय झाले असते, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. पुढे पृथ्वीच्या सत्तेविरुद्धच्या बंडाचे एक सूत्रधार प्राध्यापक द ला पाझ घटना समितीला सुचवतात की एका सभागृहाने दोन-तृतीयांश बहुमताशिवाय कायदा करू नये आणि दुसऱ्याचे काम केवळ कायदे रद्द करण्याचे असावे, तेही एक-तृतीयांश मतांनी. स्वतःला विवेकी अराजकवादी म्हणवणारा माणूस शासनाचा आराखडा सुचवतो, ही गंमत सहसा नजरेतून निसटते. मात्र पात्राचे म्हणणे लेखकाच्या नावावर खपवू नये.

स्वातंत्र्य मिळाल्यावर चंद्रावरचे नवे प्रतिनिधी पुन्हा नियमांच्या मागे लागतात. हा मुद्दा मुद्दाम शेवटी काढावा, कारण तो दुधारी आहे: मर्यादित शासनाच्या समर्थकाला मर्यादा टिकणार कशी ते सांगावे लागते, तर शासनच नको म्हणणाऱ्याला मुक्त माणसांनी ते आपणहून का उभारले याचे उत्तर द्यावे लागते.