वर्दी आली की आधी विचारा, आत काय आहे

अग्निशमन दलात येऊन मला 11 वर्षं झाली. पुण्यातल्या एका केंद्रावर मी तांडेल आहे, म्हणजे फायरमनच्या तुकडीचा म्होरक्या. भरतीची जाहिरात निघाली की गावाकडची पोरं फोन करतात. उंची किती लागते, धावायचं किती, पगार किती? हे सगळं जाहिरातीत असतंच. जाहिरातीत नसतं ते इथं लिहितोय.

आमच्याकडे आलेल्या कॉलला वर्दी म्हणतात. आगीची वर्दी, झाडपडीची वर्दी, पक्ष्याची वर्दी. अंगावर घालतो तो गणवेश, त्याला आम्ही वर्दी म्हणत नाही. हा जुना मराठी शब्द आहे, वर्दी देणं म्हणजे खबर देणं, आणि माझ्या मते आमचं सगळं काम त्या एका शब्दात आहे. खबर जेवढी नीट, तेवढं पुढचं सोपं. 101 वर बोलणारा माणूस घाबरलेला असतो. "लवकर या, शाळेजवळ आग लागलीय" एवढं बोलून तो फोन ठेवून देतो. कोणती शाळा? किती मजली इमारत? पेटलंय काय? आत कुणी अडकलंय का? नवीन मुलाला टेलिफोनवर बसवलं की त्याला ते कमीपणाचं वाटतं, गाडीवर जायचं असतं ना. पण मी सांगेन, पहिले काही महिने मागून घेऊन तिथं बसा. न ओरडता, न चिडता त्या माणसाकडून चार गोष्टी काढून घेणं शिकायला वेळ लागतो.

14 एप्रिलला आम्ही अग्निशमन सेवा दिन पाळतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन या जहाजाला आग लागली. पेटला होता कापूस, पण त्याच जहाजात सुमारे 1400 टन स्फोटकं भरलेली होती. असा माल असला की जहाजावर लाल निशाण लावायचं असतं, ते लावलेलं नव्हतं. स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, मुंबईला गेलात तर जाऊन या. आत काय आहे हे बाहेर उभ्या माणसाला कळलं नाही तर काय होतं, ते मला प्रशिक्षणातल्या कुठल्याही धड्यापेक्षा तिथं जास्त कळलं.

आता माझी एक वर्दी सांगतो. आगीची नाही. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. आई कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आली, वाऱ्यानं दार लागलं, आत दोन वर्षांचं लेकरू आणि गॅसवर दूध. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. मी कटावणी घेऊनच जिना चढलो, दार फोडायचं एवढंच डोक्यात. आमच्या साहेबांनी हात धरून थांबवलं आणि त्या माउलीला विचारलं, "ताई, बाळ कुठं आहे?" बाळ दाराला चिकटून रडत होतं. मी दार आत ढकललं असतं तर ते त्याच्या अंगावर गेलं असतं.

मग वरच्या मजल्यावरच्या घरातून दोर सोडून आमचा एक जवान खालच्या गॅलरीत उतरला. दोर त्याच्या अंगाला बांधला होता तो चेअर नॉटनं, म्हणजे माणसाला दोरानं खाली सोडायच्या दोन फासांच्या गाठीनं. ही गाठ डोळे मिटून, ओल्या हातांनी, अंधारात मारता आली पाहिजे, म्हणून अजूनही रोजच्या परेडनंतर मी ती दहा वेळा बांधतो. तोवर दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. म्हणजे उभ्या माणसाच्या नाकाला वास येण्याआधी तो रांगत्या मुलाच्या उंचीला पोहोचलेला असतो. जवानानं आधी मूल उचललं, मग रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि दिव्याच्या बटणाला कुणालाही हात लावू दिला नाही. बटण चालू करताना उडते तशीच ठिणगी बंद करतानाही उडते.

आगीच्या कामातलं एक गणित नवीन पोरांना मी पहिल्या आठवड्यात घालतो. 63 मिलिमीटरचा होज, म्हणजे पाण्याचा पाइप, 15 मीटर लांब. त्यात पाणी भरलं की पाण्याचंच वजन किती? 47 किलोच्या आसपास. एका लांबीचं! म्हणून होज कोरडाच वर न्यायचा, ब्रँच, म्हणजे होजच्या तोंडाची नळी, धरणारा जागेवर पोहोचला, त्यानं इशारा केला, की मगच पंपावरून पाणी सोडायचं. दुसऱ्या वर्षी पंपाशी उभा असताना वरून आलेला आवाज मी इशारा समजलो आणि पाणी सोडलं. माणसं जिन्याच्या वळणावर होती, होज ओंडक्यासारखा ताठ झाला, तो वळवून पुढं न्यायला मिनिटं गेली. कुणी दगावलं नाही. पण ती मिनिटं माझ्या चुकीची होती आणि मी ती विसरलेलो नाही.

धुरात जाताना पाठीवर बीए सेट असतो, म्हणजे श्वासासाठी हवेची बाटली. 6 लिटरच्या बाटलीत 300 बार दाबानं 1800 लिटर हवा मावते. कागदावर ती 45 मिनिटं पुरते. जिना चढून धापा टाकणारा माणूस ती त्याच्या कितीतरी आधी संपवतो. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी वाजेपर्यंत थांबून मग परतीची वाट शोधू नका. जेवढी हवा आत जायला लागली, त्याहून जास्त बाहेर यायला ठेवायची.

सुट्टीच्या दिवशी आपल्या केंद्राची हद्द पायी फिरा. पेठांतल्या कुठल्या बोळात मोठी गाडी शिरत नाही, कुठल्या वाड्याला मागून दार आहे, कुठली विहीर बुजवली, हे वहीत लिहून ठेवा. विहिरीचं पाणी किती खाली आहे तेही लिहा. काठावर उभ्या बंबाचा पंप साधारण 7 मीटरपर्यंतचंच पाणी ओढतो, कारण पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब, आणि त्याला मर्यादा आहे. त्याखाली पाणी असेल तर वेगळा पंप खाली सोडावा लागतो. हे आग लागल्यावर कळून उपयोग नाही.

बाकी कामं इतकी आहेत की आग त्यात थोडी. पावसाळ्यात झाडं पडतात, जुने वाडे खचतात, सोसायट्यांत पाणी शिरतं. रस्त्यावर ऑइल सांडून दुचाक्या घसरतात, तिथं माती टाकायची. लिफ्टमधली माणसं, संक्रांतीत मांज्यात अडकलेली घार, गणपती विसर्जनाला घाटावरचा बंदोबस्त. अपघातात चेपलेल्या गाडीतून माणूस काढायला हायड्रॉलिक कटर असतो, पण कटर चालू करण्याआधी त्या माणसाशी बोलत राहणारा एक जण लागतो. ते काम मी आवडीनं करतो.

इमारतींची तपासणी हा भाग पोरांना कंटाळवाणा वाटतो. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा वाचा. आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं बी फॉर्मचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. कागद पाहून परत फिरू नका. लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मजल्यावरचा होज जोडायचा नळ, उघडून बघा, पाणी येतं का.

नदीतून, विहिरीतून मृतदेह काढायची वर्दीही येते. घरचे काठावर उभे असतात. पहिल्या वेळी मी दोन दिवस जेवलो नाही, घरी कुणाला बोललो नाही. तसं करू नका. त्या रात्री केंद्रावर जुन्या माणसाजवळ बसा आणि बोला.

यायचं असेल तर रस्ता असा. आमच्याकडे फायरमनसाठी दहावी आणि सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा 6 महिन्यांचा कोर्स मागतात. अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची माहिती काढा. खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी तिचं प्रमाणपत्र भरतीत चालतं का, हे आधीच्या जाहिराती काढून तपासा. माझ्या एका मित्राच्या घरच्यांनी जमीन गहाण ठेवून फी भरली होती आणि तो कागद कुठंच चालला नाही.

केंद्रावरच्या पहिल्या रात्री झोप येणार नाही. गमबूट पॅन्टच्या पायांत घालून पलंगाशी उभे करून ठेवा, पाय घालून वर ओढलं की तयार. आणि खिशात वही ठेवा, पेनासकट.