कॉलेजच्या रोइंग टीममध्ये नवीन जायचंय? मराठवाड्यातल्या पोरापोरींनी हे वाचून घ्या

लातूर, बीड, परभणीकडून पुण्याला इंजिनिअरिंगला गेलात आणि कॉलेजात बोट क्लब असला, जसा सीओईपीचा जुना आणि नावाजलेला आहे, तर पहिल्या काही दिवसांतच जाऊन नाव द्या. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो, आपल्याला कसली आलीय बोट, असं म्हणून मागं राहू नका. या खेळात बरेच जण कॉलेजात आल्यावरच पहिल्यांदा वल्हं हातात धरतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आर्मीत गेल्यावर रोइंग शिकला, तेही गाव दुष्काळीच, आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे दोन वल्ह्यांच्या एकट्याच्या बोटीत, 13वा आला, 2018 च्या एशियन गेम्सला चौघांच्या बोटीत गोल्ड घेतलं.

पहिलं काम पोहणं, आणि ते सीईटी झाल्यावर अ‍ॅडमिशनची वाट बघण्यात जे दिवस जातात त्यातच उरकायचं. गावच्या विहिरीत कमरेला डबा बांधून शिकला असाल तर पाण्याची भीती मोडलेली असते, पण विहिरीत चार हात मारले की कड लागते आणि नदीत तसं नसतंय, म्हणून अंगावर टीशर्ट-चड्डी ठेवून न थांबता पोहता आलं पाहिजे आणि हातपाय हलवत जागेवर तरंगता आलं पाहिजे. हे पूलवर कोचसमोर शिका, जायकवाडी नाहीतर मांजरा धरणात एकट्यानं जाऊन प्रयोग करू नका, हात जोडून सांगतो. पोहता येत नसेल तर क्लबमध्ये तसं स्पष्ट सांगा, लपवू नका.

सोबत पळणं, बैठका आणि उकिडवं बसायची सवय. टाचा टेकवून उकिडवं बसता येत असेल तर लय फायदा होतो, कारण बोटीत स्ट्रोक, म्हणजे वल्ह्याचा एक फटका, सुरू करताना गुडघे छातीशी घेऊन तसंच आवळून बसावं लागतं.

ट्रायलला बहुतेक ठिकाणी आधी जमिनीवरच्या रोइंग मशीनवर बसवतात, त्याला सगळे एर्ग म्हणतात. इथंच नवीन पोरं हातानं ओढत सुटतात आणि दोन मिनिटांत संपतात. जोर पायाचा आहे. आधी पायानं ढकलायचं, पाय सरळ होत आले की पाठ मागं, आणि शेवटी हात बरगडीपर्यंत. परत येताना बरोब्बर उलटं, आधी हात लांब, मग पाठ पुढं, मग गुडघे वाकवायचे. ज्वारीचं पोतं उचलताना कसं, आधी मांड्यांचा जोर लागतो आणि पाठ ताठ राहते, तसंच हे. जाताना जोरात, येताना सावकाश, ती सावकाश येण्याची लय बसली की अर्धं रोइंग आलं असं माझं मत आहे. मशीनच्या बाजूला ओढ हलकी-जड करायची 1 ते 10 ची खिटी असते ती 10 वर नेऊन मर्दानगी दाखवायची नाही, 3 ते 5 च्या मधे ठेवा. मिनिटाला 18-20 स्ट्रोक पुरे. स्क्रीनवर 500 मीटरला किती वेळ लागतोय ते दिसतं, त्याला स्प्लिट म्हणतात. 2000 मीटरची टेस्ट असली तर पहिले 500 हात राखून मारा, नाहीतर तिसऱ्या 500 ला जीव जातो.

पाण्यावर गेल्यावर तोंड मागं असतं, पुढचं कॉक्सला, म्हणजे बोट वळवणाऱ्या आणि हुकूम देणाऱ्याला, दिसतं, म्हणून कॉक्स जे सांगेल ते ऐकायचं, मधे बोलायचं नाही (अंगानं हलक्या पोरापोरींनी कॉक्सचं काम मागून बघा, तिथं आवाज आणि डोकं लागतं). आठ जणांची बोट 17 मीटरच्या वर लांब आणि वजन कमीत कमी 96 किलो, ती सगळ्यांनी एकदम उचलायची असते. बोटीत उभं राहायचं नाही. वल्हं पाण्यात अडकून मूठ अंगावर आली तर तिच्याशी झटापट करू नका, डोकं खाली घ्या आणि बोट थांबू द्या. बूट बोटीलाच बसवलेले असतात, त्यांच्या टाचेची दोरी बांधलेली आहे का ते निघायच्या आधी स्वतः बघायचं, बोट उलटली तर त्या दोरीमुळंच पाय सुटतात. आणि उलटलीच तर बोट धरून थांबायचं, काठाकडं पोहत सुटायचं नाही.

खर्च फार नाही, बोटी आणि वल्ही क्लबची असतात. अंगाबरोबर बसणारी चड्डी घ्या, ढगळी सरकत्या सीटच्या चाकात अडकते. प्रॅक्टिस पहाटे असते कारण तेव्हा वारा कमी असतो, म्हणजे रात्री होस्टेलवर गप्पा मारत बसणं बंद. भूक दुप्पट लागते, घरून शेंगदाण्याचे लाडू, फुटाणे मागवून ठेवा, मेसच्या दोन पोळ्यांवर भागत नाही. हाताला फोड येतातच, ते फोडू नका, धुऊन कोरडे ठेवा, पण कंबर दुखली तर त्याच दिवशी कोचला सांगा आणि स्ट्रोक तपासून घ्या.