बेगोनियाच्या कुंडीखालची ताटली आजच काढा

आषाढाची झड लागली की बेगोनिया पटापट मरतात आणि दोष पावसाला जातो. खरा दोष ताटलीचा. बाल्कांवाची (घरापुढच्या ओसरीची) फरशी मळू नये म्हणून कुंडीखाली ठेवलेली ताटली एका रात्रीत भरते, पाण्याला वाट उरत नाही, मुळे कुजतात. वर पाने मलूल दिसतात म्हणून कोणीतरी आणखी तांब्याभर पाणी ओततो! मातीलगतचे खोड दाबून बघा. बुळबुळीत लागले, तपकिरी पाणी सुटले, तर झाड गेले. मातीसकट फेका, ती माती दुसऱ्या कुंडीत नको.

पुढची सर यायच्या आत ताटल्या काढा, कुंड्या चिऱ्याच्या तुकड्यांवर चढवा, भोकात काडी घालून बघा. प्लास्टिकच्या नव्या कुंड्यांची भोके पुष्कळदा फोडलेलीच नसतात. पश्चिम घाटातल्या ओल्या कातळावर रानटी बेगोनिया क्रेनाटा याच पावसात फुलतो, कारण तिथे मुळाशी पाणी थांबत नाही.

शेजारच्या निरोगी झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम, मुळाशी ओता. दुकानदार ‘रूट बूस्टर’ची महाग बाटली पुढे करील, कुजलेल्या मुळाला ती काय पाजणार? त्यापेक्षा कुंडीच्या तळाला चुलीतल्या कोळशाचा चुरा घाला. शिफारशीत हे सापडणार नाही, पण माझ्याकडे त्याने कूज कमी येते.

‘विलायती’ म्हणून रंगीत पानांच्या रेक्स बेगोनियाचे जादा पैसेही देऊ नका. नाव तेवढे विलायती: कॅरिबियनमधल्या फ्रेंच अँटिल्स बेटांचा कारभार पाहिलेल्या मिशेल बेगों (१६३८–१७१०) याच्यावरून फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमियेने ते दिले, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये कायम केले. (देवळासमोरच्या खुरचाफ्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते याच प्ल्युमियेवरून.) रेक्स मूळचा आसामचा.

बाकीची कामे:
- माती: पालापाचोळ्याचे खत, वाळू, सोडणाचे (नारळाच्या सालीचे) तुकडे; चिकण माती मात्र नको
- पागोळीखालून कुंड्या हलवणे
- पिवळी पाने, गळलेली फुले रोज वेचणे
- शेणखत, युरिया उघडीप मिळेपर्यंत बंद

खोड वरून अजून कडक असेल तर शेंड्याचे चार बोटे तुकडे कापून ओलसर वाळूत, वळचणीला लावा. रेक्सचे जाड शिरेचे पान चालते. चवथीच्या बाजारासाठी रोपे धरली असतील, तर ताटलीचा फेरा रोज सकाळी करा. घरातले कोणीतरी ती परत ठेवतेच.