आधी कोणाचे देणे द्यावे? ओढाताणीच्या काळात घराची आर्थिक घडी बसवताना

पगार थांबला, घरात मोठे आजारपण आले किंवा धंद्यातले येणे अडकले की मुंबईतल्या मध्यमवर्गीय घराकडे एकाच महिन्यात चहूबाजूंनी पैशांची मागणी सुरू होते. अशा वेळी जो जास्त वेळा फोन करतो त्याला आधी पैसे दिले जातात, आणि तो बहुधा क्रेडिट कार्डाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या वसुलीचा प्रतिनिधी असतो. सोसायटीचे सचिव जिन्यात भेटले तरी संकोचाने विषय काढत नाहीत आणि आरोग्य विम्याची कंपनी एखादा एसएमएस पाठवून गप्प बसते. प्रत्यक्षात या गप्प बसणाऱ्या देण्यांचेच परिणाम अधिक जड असतात. म्हणून घडी बसवण्याची सुरुवात काटकसरीपासून न करता देण्यांचा क्रम लावण्यापासून करावी, असे माझे मत आहे.

पहिले काम यादीचे, आणि ते एकट्याने करू नये. घरातील कमावत्या आणि खर्च सांभाळणाऱ्या सर्वांनी एकत्र बसून बँक खात्यांची गेल्या तीन महिन्यांची विवरणे पुढ्यात घ्यावीत आणि बाहेर जाणारी प्रत्येक रक्कम वहीत उतरवावी. मोठे हप्ते सर्वांना पाठ असतात. नजरेतून निसटतात त्या यूपीआय ऑटोपेने परस्पर कापल्या जाणाऱ्या वर्गण्या, पतपेढीची पगारातून होणारी कपात, भिशी आणि नातेवाइकांकडची उसनवारी. शाळेची फी, विम्याचा वार्षिक हप्ता, गणपतीला गावी जाणे आणि दिवाळी या खर्चांना बाराने भागून त्यांचा महिन्याचा वाटाही लिहावा. नोकरी गेल्याचे घरी न सांगता नेहमीच्याच लोकलने रोज बाहेर पडणारी माणसे या शहराला नवी नाहीत. परंतु घरच्यांना आकडाच ठाऊक नसेल तर खर्च कमी करण्यात ते साथ तरी कशी देणार?

यादीतील प्रत्येक रकमेसमोर आणखी एक रकाना आखावा आणि त्यात हे देणे तीन महिने दिले नाही तर काय होईल, याचे उत्तर लिहावे. क्रम या रकान्यावरूनच ठरतो.

क्रम कसा लावावा

शिधा, औषधे, वीज, गॅस आणि कामावर किंवा मुलाखतींना जाण्यासाठीचा रेल्वेचा पास हे खर्च सर्वांत आधी येतात, याविषयी फारसे दुमत होणार नाही. त्यांच्या पाठोपाठ आरोग्य विम्याचा हप्ता ठेवावा. मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि इतर हप्त्यांना साधारण ३० दिवसांची सवलत मिळते. तीही टळून पॉलिसी खंडित झाली, तर आधीच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांच्या उपचारांचा दावा करता येण्यापूर्वी थांबावे लागलेला काळ, वाया जातो आणि ओढाताणीच्या काळातच घर उघडे पडते.

त्यानंतर डोक्यावरचे छप्पर. गृहकर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे थकीत कर्ज, ठरवते, आणि पुढे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन तारण घर ताब्यात घेण्याची कारवाई तिला सुरू करता येते. सोसायटीच्या मेंटेनन्सकडे लोक हक्काची उधारी असल्यासारखे पाहतात, मात्र गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याजाची तरतूद आहे आणि सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवण्याचा मार्गही संस्थेला खुला असतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भाडे थकवून मालकाला टाळण्यापेक्षा एक-दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करण्याची विनंती करावी आणि मालकाने मान्य केल्यास ते दोघांच्या सहीने लिहून ठेवावे.

क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज आणि इतर विनातारण देणी या सर्वांच्या मागे येतात. मागे येतात याचा अर्थ बुडवायची असा नव्हे. व्याज, दंड आणि पतगुणांकातील (क्रेडिट स्कोअरमधील) घसरण त्यांच्यामागे लागतेच. मात्र त्यांच्यासाठी घराचा हप्ता चुकवणे हा उलटा व्यवहार आहे.

हा क्रम कागदावर राहण्याचे एक साधे कारण म्हणजे तारखा. वैयक्तिक कर्जाचा हप्ता २ तारखेला आणि गृहकर्जाचा ५ तारखेला एकाच खात्यातून जात असेल, तर पैसे कोणाला आधी मिळणार हे आपण नव्हे, कॅलेंडर ठरवते. त्यामुळे शिध्याचे, विम्याचे आणि घराच्या हप्त्याचे पैसे ज्यावर इतर कोणाचाही मँडेट (रक्कम परस्पर कापण्याची आपण दिलेली परवानगी) नाही अशा वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि शक्यतो ते खाते कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज देणाऱ्या बँकेत नसावे. दुसऱ्या बाजूला, शिल्लक नसल्याने मँडेट परत गेला तर बँकेचा दंड बसतोच, शिवाय धनादेश न वटल्याप्रमाणे त्यावरही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तक्रार होऊ शकते. म्हणून हप्ता जाणार नाही हे दिसताच तारखेआधी संबंधित बँकेशी लेखी बोलणे आवश्यक आहे.

एक हिशेब

समजा, मुलुंडमधील एका कुटुंबात दोघांपैकी एकाची नोकरी गेली आणि महिन्याची आवक ४८,००० रुपयांवर आली. गृहकर्जाचा हप्ता २७,०००, मेंटेनन्स ३,५००, शिधा ९,०००, वीज आणि गॅस ३,०००, प्रवास १,५००, शाळा ५,००० आणि आरोग्य विमा २,००० मिळून ५१,००० होतात. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ८,५०० आहे आणि कार्डावर १,१०,००० रुपये थकले असून किमान देय रक्कम ५,५०० आहे. एकूण ६५,००० रुपये, म्हणजे दरमहा १७,००० रुपयांची तूट.

या यादीतील सर्वांत महागडी गोष्ट कार्ड आहे. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर व्याज ३,८५० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६९३ रुपये लागतात, आणि भरलेल्या ५,५०० रुपयांतून मुद्दल जेमतेम ९५७ रुपयांनी उतरते. शिवाय थकबाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. याउलट सोने तारण ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी तितकीच रक्कम घेतली आणि कार्ड एकरकमी फेडले, तर महिन्याचे व्याज १,१०० रुपयांवर येते. मुद्दल वर्षअखेर उभे राहते आणि ते न फेडल्यास दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो, हे विसरता कामा नये. तसेच दागिने जिचे आहेत तिची मनापासून संमती नसेल तर हा पर्याय बाजूला ठेवावा. जीवन विम्याच्या पॉलिसीवर, मुदत ठेवीवर किंवा पतपेढीतून मिळणारे कर्जही कार्डापेक्षा बरेच स्वस्त पडते. भविष्य निर्वाह निधीला मात्र शेवटी हात लावावा, कारण सेवेची पाच वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेली रक्कम सर्वसाधारणपणे करपात्र ठरते आणि निवृत्तीची पुंजी पुन्हा उभारणे सोपे नसते.

तूट आता १२,६०० रुपये उरली. वैयक्तिक कर्जाची मुदत वाढवून हप्ता ६,००० वर आणि गृहकर्जाची मुदत वाढवून तो २४,००० वर आणण्यास बँका तयार झाल्या, तर ती ७,१०० रुपयांवर येते. घरात ६०,००० रुपयांची मुदत ठेव असेल तर ती ही तूट आठ महिने भरून काढू शकते. नवी नोकरी शोधायला मिळालेले हे आठ महिने म्हणजेच या सगळ्या खटाटोपाची कमाई, आणि शिध्यात पाचशे रुपये वाचवून ते हाती आले नसते.

बँकेशी बोलणे

बँकेकडे हप्ता थकल्यानंतर नव्हे, थकण्याआधी जावे. अर्जात कर्ज खात्याचा क्रमांक, आवक घटल्याचे कारण, सोबत जोडलेला पुरावा आणि आपण दरमहा निश्चितपणे किती भरू शकतो तो आकडा, इतके पुरे. लांबलचक गाऱ्हाणे घालण्याची गरज नाही. प्रतीवर पोच घ्यावी. ‘सेटलमेंट’चा प्रस्ताव आल्यास हुरळून जाऊ नये, कारण ठरावीक रकमेवर तडजोड केलेले खाते पतअहवालात ‘सेटल्ड’ असे दिसते आणि पुढे कर्ज मागताना ती नोंद आडवी येते. मुदत वाढवून पूर्ण फेड करणे जमत असेल तर तेच पत्करावे.

वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये मनाई केली आहे. धमकावणे आणि नातेवाइकांसमोर अपमान करणेही नियमबाह्य आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनाशुल्क नेता येते. त्याबाबतची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपपासून आणि बिनपरवाना सावकारापासून दूर राहावे. परवानाधारक सावकाराला राज्याने घालून दिलेली व्याजाची मर्यादा बिगरशेती कर्जासाठी तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्के आहे, त्यामुळे महिन्याला पाच किंवा दहा टक्के सांगणारा माणूस कायद्याच्या बाहेर आहे हे लगेच ओळखता येते.

आजारपणामुळे घडी विस्कटली असेल तर

रुग्णालयाचे बिल हातात पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा दाखल होतानाच चौकशी करावी. केईएम, नायर आणि शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयांचा पर्याय असतोच. परंतु मुंबईतील अनेक मोठी खासगी रुग्णालयेही धर्मादाय न्यासांची आहेत आणि त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ असावा व वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, मात्र ते योजनेशी संलग्न रुग्णालयातील ठरलेल्या उपचारांपुरतेच मिळते, त्यामुळे दोन्ही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. पैशांच्या काळजीने झोप उडाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

आवक पुन्हा सुरू झाल्यावर

नवा पगार सुरू झाला की पहिल्या महिन्यातच जुने सगळे खर्च परत येऊ देऊ नयेत. आधी सोने सोडवावे, कारण त्याला लिलावाची तारीख आहे. त्यानंतर गृहकर्जाचा हप्ता पूर्ववत करण्याचा अर्ज द्यावा. बँक तो आपणहून वाढवील या भरवशावर राहिल्यास वाढलेल्या मुदतीचे व्याज आपल्यालाच भरावे लागते. मग वरच्या यादीतील अत्यावश्यक खर्चांच्या किमान तीन महिन्यांइतकी रक्कम बाजूला पडेपर्यंत नवी गुंतवणूक थांबवावी. ही रक्कम सहकारी बँकेत ठेवायची असल्यास एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच विमा आहे हे ध्यानात असू द्यावे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबईतील कित्येक ठेवीदारांची सगळी पुंजी एकाच खात्यात अडकली होती.

पतअहवाल देणाऱ्या सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. ते चारही एकाच दिवशी न मागवता तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मागवावेत. फेडलेले कार्ड अजून थकीत दिसत असल्यास दुरुस्तीचा अर्ज करावा. तो ३० दिवसांत निकाली निघाला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.