फोटो 'खरा' वाटत नाही? लेन्सच्या या चुका टाळा

साताऱ्यात लग्नसराई लागली की नव्या फोटोग्राफर पोरांच्या त्याच चुका सुरू होतात.

सगळ्यात जुनाट समजूत म्हणजे "डोळा ५० एमएमचा असतो", म्हणजे ५० एमएमच्या लेन्सएवढंच बघतो (हा आकडा फोकल लेंथचा; जितका लहान, तितकी लेन्स रुंद, म्हणजे वाइड). नसतो. नजर त्याहून कितीतरी रुंद पसरते. फुलफ्रेम सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या ३६ बाय २४ एमएमच्या सेन्सरचा, कर्ण सुमारे ४३ एमएम. लेन्स त्याच्या आसपासची असली आणि प्रिंट त्या प्रिंटच्याच कर्णाएवढ्या अंतरावरून बघितली, तर जागेवर उभं राहून बघितल्यासारखं दिसतं. हातातला फोटो आपण बघतोही साधारण तसाच. म्हणून ५० नैसर्गिक वाटते.

क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, मात्र ती ७५-८० सारखी वागते. तिथे ३५ घ्या.

आता ग्रुप फोटो. पोवई नाक्याकडच्या एका कार्यालयात आमच्या हाताखालच्या पोराने स्टेजला चिकटून १८ एमएमच्या लेन्सवर अख्खं खानदान कोंबलं. अल्बम गेला आणि कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई स्टुडिओत हजर. "व्हय रं बाळा, माझं डोकं असलं हाय?" डोकं खरंच कलिंगडासारखं आडवं झालं होतं. पोरगा म्हणे, लेन्स खराब आहे. लेन्स ठणठणीत होती. वाइडवर कडेची गोल वस्तू ताणली जाणारच. ती १२ बाय १८ ची प्रिंट ९ इंचांवरून, बरोबर मधोमध डोळा धरून बघितली तर डोकं गोल दिसेल. पण अल्बममध्ये तोंड खुपसून कोण बसतं? मी अक्षता पडायच्या आधीच समोरच्या खुर्च्यांच्या दोन रांगा हलवून घेतो, म्हणजे मागे सरकता येतं. मांडववाला कुरकुरतो, कुरकुरू दे. मागे सरकायला जागाच नसेल तर माणसांच्या दोनाच्या तीन रांगा करतो आणि फोटोच्या दोन्ही कडा मोकळ्या सोडतो.

जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं त्याचा दोष अंतराचा. एकाच जागेवरून २४ ने आणि ८५ ने काढा, २४ चा फोटो कापून बघा. चेहरा तोच. पोर्ट्रेटला दोन मीटर तरी लांब राहा.

जोडप्यामागे अजिंक्यतारा टेकाडाएवढा दिसतो? जोडप्यापासून लांब जा, १३५ लावा, किल्ला वर येतो. चालायचा कंटाळा असेल तर प्री-वेडिंगच्या ऑर्डर घेऊ नका.

आणि "नंतर सॉफ्टवेअरमध्ये करू" हे मला सांगू नका. लेन्स करेक्शनने वाकलेले खांब सरळ होतात, पुढे आलेलं नाक मागे जात नाही.